हेच म्हणायचं होतं ना तुला?

वादविवाद स्पर्धेत बाजू नाणेफेकीनं ठरते. छापा आला की मृत्युदंडाच्या बाजूनं बोलायचं, काटा आला की विरोधात. मला दोन्ही सारखंच जमायचं आणि त्याचा मला अभिमान होता. समोरचा बोलत असताना मी ऐकत नसायचे, सावज हेरत असायचे. त्याच्या पाच मुद्द्यांतला सगळ्यात लंगडा मुद्दा धरायचा, तो आणखी थोडा लंगडा करून श्रोत्यांपुढं उभा करायचा, मग एकच ढकल. दुसऱ्या वर्षापर्यंत कॉलेजसाठी दोन फिरते करंडक आणले होते मी. ग्रंथालयाबाहेरच्या काचेच्या कपाटात ते धूळ खात होते, पण येता-जाता मी बघायचे.

तर प्रवेशाची यादी लागली त्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर माझ्या लॅब पार्टनरनं एक ओळ टाकली. ‘मेरिटवर आलेल्यांनी हात वर करा.’ पुढं हसणारे तीन चेहरे. राखीव जागांवरून प्रवेश मिळालेली मुलं त्याच ग्रुपवर होती. कुणी काही बोललं नाही. मी बोलले. सात मेसेज टाकले, एकापाठोपाठ एक. सहावा नुसता मुद्देसूद होता. सातव्यात मी त्याच्या मेरिटमागचे दोन क्लास आणि एक घरगुती शिकवणी काढली. ही गोष्ट त्यानंच मला कधीतरी ब्युरेट, म्हणजे प्रयोगशाळेतली नळ लावलेली काचेची लांब नळी, धुता धुता सांगितली होती, जरा लाजतच.

चाळीसेक जणांनी अंगठे दिले. तो ग्रुप सोडून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं सरांना सांगून पार्टनर बदलून घेतला.

टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचा प्रयोग, एकटीला करता येतं, नाही असं नाही. पण एकानं ब्युरेटचा नळ सांभाळावा, दुसऱ्यानं फ्लास्क हलवत रंगावर डोळा ठेवावा, हे बरं पडतं. एकटी असलं की शेवटचा थेंब हटकून जास्त पडतो. फिकट गुलाबी यायला हवं तिथं भडक गुलाबी येतं आणि रीडिंग फुकट. त्या आठवड्यात माझी तीन रीडिंग गेली. करंडक मिळाल्यासारखं काही वाटलं नाही.

ग्रुपवरच्या प्रकाराचे स्क्रीनशॉट फिरत फिरत प्राचार्यांपर्यंत गेले आणि फलकावर सूचना लागली: वादग्रस्त सामाजिक विषयांवर विद्यार्थ्यांनी चर्चा करू नये. सूचनेनं चर्चा थांबत नाही, ती जिन्याखाली जाते. तशी ती गेली. मग मानसशास्त्राच्या मॅडम प्राचार्यांकडं जाऊन बसल्या आणि आठ गुरुवार मागून आल्या. बारा विद्यार्थी, श्रोते नाहीत, व्यासपीठ नाही, गुण नाहीत. मला त्यांनी व्हरांड्यात गाठलं.

“येशील?”

“कुठल्या बाजूनं बोलायचंय?”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझ्या.”

पहिल्या गुरुवारी जिमखान्याच्या खोलीत सतरंजीवर गोल करून बसलो. माझा लॅब पार्टनरही आला होता, गोलात माझ्यापासून सगळ्यात लांब जागा धरून. मॅडमनी एकच नियम सांगितला. तो त्यांचा नव्हता, कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५१ सालच्या एका भाषणात सुचवलेला होता. आपलं म्हणणं मांडण्याआधी, आधीच्या माणसाचं म्हणणं आणि त्यामागची भावना आपल्या शब्दांत परत सांगायची. ते बरोबर आहे की नाही हे त्याच माणसानं ठरवायचं. तो ‘हो’ म्हणाला तरच तुमची पाळी. मित्राशी, बायकोशी वाद होईल तेव्हा करून बघा, असं रॉजर्सचं सांगणं. ऐकायला इतकं सोपं की मला जांभई आली.

सरावासाठी विषयही मिळमिळीत: वर्गातली हजेरी सक्तीची असावी का? माझ्या शेजारी पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, शब्द मोजून बोलणारी. ती सक्तीच्या बाजूची. तिचं झालं आणि माझी पाळी आली.

“तुझं म्हणणं असं की विद्यार्थ्यांवर विश्वास टाकता येत नाही, म्हणून सक्ती हवी. हेच म्हणायचं होतं ना तुला?”

“नाही.”

“म्हणजे, शिस्तीशिवाय अभ्यास होत नाही असं?”

“नाही. असं नाही म्हणाले मी.”

“बरं. वर्ग ओस पडले तर शिक्षक शिकवणार नाहीत?”

तिनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत होत्या. चौथ्या वेळी मी हात टेकले आणि म्हणाले, “परत सांग ना, प्लीज.”

ती म्हणाली, “हजेरी लागते म्हणून मला घरातून सोडतात. नाही लागली तर म्हणतील, आज काय अडलंय?”

पहिल्यांदाही तिनं हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. बाकीच्या दहा जणांनी ऐकलं होतं. मी त्या वेळी ‘सक्ती’ हा शब्द पकडून माझं उत्तर जुळवत होते. लाज वाटणं वेगळं आणि कान गरम होणं वेगळं. माझे कान गरम झाले.

त्या दिवशी मला रॉजर्सच्या त्याच भाषणातली दुसरी गोष्ट मॅडमनी सांगितली, ती तेव्हा पटली नाही. या रीतीनं ऐकायला धैर्य लागतं, कारण दुसऱ्याच्या जागी खरोखर जाऊन बघितलं तर आपणच बदलण्याचा धोका असतो. धैर्य कसलं, नुसतं ऐकायचं तर आहे, असं मी म्हटलं. हजेरीबद्दलचं माझं मत मात्र घरी पोचेपर्यंत बदललं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

दुसरा आणि तिसरा गुरुवार मृत्युदंडावर गेले. ते ठीक झाले, खोलीतल्या कुणाचाच जीव त्यात अडकलेला नव्हता म्हणून. चौथ्या गुरुवारी आम्ही राखीव जागांवर येणार होतो. आलो, पण विषयाला हात न घालता दोन तास शब्दांवरच बसलो. मॅडमनी आधी बॉस्टनजवळची एक हकिकत सांगितली. ३० डिसेंबर १९९४ ला ब्रुकलाइनमध्ये एका माणसानं गर्भपाताच्या दोन दवाखान्यांत गोळीबार केला, तिथं काम करणाऱ्या दोन बायका मारल्या गेल्या. त्यानंतर गर्भपाताच्या बाजूच्या तीन आणि विरोधातल्या तीन पुढारी बायका १९९५ पासून गुपचूप भेटायला लागल्या. जवळजवळ साडेपाच वर्षं त्या भेटत राहिल्या आणि जानेवारी २००१ मध्ये सहाजणींनी मिळून वर्तमानपत्रात लेख लिहिला, तेव्हा जगाला कळलं. या बायका सुरुवातीलाच अडल्या त्या शब्दावर. पोटात जे वाढतं त्याला म्हणायचं काय? एक बाजू ‘न जन्मलेलं बाळ’ म्हणायची, ते दुसरीला चालेना. दुसरी ‘भ्रूण’ म्हणायची, ते पहिलीला चालेना. शेवटी नाखुशीनं ‘मानवी भ्रूण’ ठरलं. मनापासून कुणालाच आवडलं नाही, पण पुढं जाता आलं.

आमच्याकडंही तेच. ‘मेरिटवाले’ म्हटलं की निम्म्या खोलीच्या मेरिटवर फुली बसायची. ‘कोट्यातले’ म्हटलं की रेशनच्या रांगेचा वास यायचा. ‘ओपनवाले’ म्हटल्यावर एक जण म्हणाला, “म्हणजे बाकीचे बंद?” हशा पिकला, पण तो हसण्यावारी बोलला नव्हता. तास दीड तास घासाघीस करून ‘राखीव जागेवरून आलेले’ आणि ‘सर्वसाधारण जागेवरून आलेले’ अशी दोन लांबलचक, सरकारी नावं ठरली. इतकी लांब की रागाच्या भरात ती तोंडातून येतच नाहीत. हा फायदा आम्हाला नंतर कळला.

पाचवा गुरुवार.

माझा लॅब पार्टनर पहिला बोलला. दोन गुणांनी त्याची हवी ती शाखा हुकली होती. ज्या मैत्रिणीबरोबर वर्षभर अभ्यास केला, तिला त्याच्यापेक्षा कमी गुणांवर ती मिळाली. यादी लागली त्या संध्याकाळी तिचा फोन आला होता आणि त्यानं उचलला नव्हता. नंतरही कधी उचलला नाही. ग्रुपवरची ती ओळ आमच्यासाठी नव्हतीच, तो म्हणाला, तिला दिसावी म्हणून होती. ती त्या ग्रुपवर नसताना.

मॅडमनी परत सांगायला मला निवडलं. मुद्दामच असणार.

मी म्हणाले, “तुझं म्हणणं, दोघांनी सारखी मेहनत केली आणि निकाल वेगळा लागला, याचा तुला अजून त्रास होतो. राग व्यवस्थेवर असल्याचं तू सांगतोस, पण तुटली ती मैत्री. आणि त्या मुलीपुढं तुझी तुलाच लाज वाटते.”

“शेवटचं मी बोललो नाही,” तो म्हणाला. बराच वेळ गेला. “पण खरंय.”

“खरं असू दे,” मॅडम म्हणाल्या. “ते तुझं निदान झालं. त्याचं म्हणणं नव्हे. पुन्हा सांग.” मी शेवटचं वाक्य गाळून पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, “हो. हेच.” ग्रुप सोडल्यापासून आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. सातव्या मेसेजबद्दल माफी मागायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण नियमात बसत नव्हतं. ती मी नंतर जिन्यात मागितली. “ते सांगायला नको होतं तू,” एवढंच तो म्हणाला.

इथवर सगळं जमलं होतं. नको तितकं जमलं होतं, असं आता वाटतं. कारण त्याचं झाल्यावर गोलातल्या सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. राखीव जागेवरून आलेली एक मुलगी त्या दिशेला बसली होती, माझ्याच वर्गातली. आणखीही दोघं तसे होते, पण ते गप्प बसण्यात पटाईत, आणि ही कधीतरी बोलायची. मी अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तुझा अनुभव सांगशील?” मला वाटलं, आदरानं बोलणं म्हणजे हेच.

ती म्हणाली, “अकरावीपासून सांगतेय. मुलाखतीत सांगितला, प्रोजेक्टमध्ये सांगितला, एका कार्यक्रमात माईकवर सांगितला. सांगितला की लोक डोळे पुसतात आणि मग आपापलं मत मांडतात. तुमच्याकडं मतं आणि माझ्याकडं फक्त अनुभव, असं कसं? माझं मत कुणी विचारलंय का?”

खोलीतला पंखा कधी नव्हे इतका मोठ्यानं आवाज करत होता.

“आणि तू,” ती माझ्याकडं वळली, “ग्रुपवर माझ्यासाठी भांडलीस ना? त्या रात्री सतरा जणांनी मला मेसेज केले. काहींनी सांत्वन केलं, काहींनी माझे मार्क विचारले. भांडायच्या आधी मला विचारलं होतंस?”

नियमाप्रमाणं परत सांगायची पाळी माझी होती. ‘तुला म्हणायचंय की’ इथपर्यंत आले आणि पुढं शब्दच फुटेना. तिचं म्हणणं तिच्या तोंडावर, तिच्यापेक्षा कमी त्रास सोसलेल्या आवाजात परत म्हणायचं, यात मला पहिल्यांदाच काहीतरी हिडीस दिसलं. ती दोन क्षण थांबली, “राहू दे,” म्हणाली, पाठपिशवी उचलली आणि गेली. गुरुवारी ती पुन्हा आली नाही.

सहाव्या गुरुवारी मॅडम वहीशिवाय आल्या. चूक माझी, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. शिक्षकाला विद्यार्थ्यांपुढं असं म्हणताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडून ठेवलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी त्या जागी दोघांचं स्थान बरोबरीचं हवं, समान उद्दिष्ट हवं, एकमेकांच्या मदतीनं करायचं काम हवं आणि संस्थेचा पाठिंबा हवा. मॅडम म्हणाल्या, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते, आणि गोल करून बसवलं म्हणजे बरोबरी झाली असं धरून चालले. काहींना हा विषय आहे, काहींना हे आयुष्य आहे. दोघांनी तीन-तीनच मिनिटं बोलायचं, तरी मोजावं लागणारं मोल सारखं नसतं.

त्या दिवशी आम्ही नियमात दोन भर घातल्या. कुणालाही ‘तुझा अनुभव सांग’ म्हणायचं नाही; विचारायचंच तर मत विचारायचं. आणि कुणालाही, कारण न देता, ‘पुढं चला’ म्हणायचा अधिकार. गप्प बसण्यात पटाईत असलेल्या त्या दोघांपैकी एक जण त्यानंतर दोन वेळा ‘पुढं चला’ म्हणाला आणि तिसऱ्या वेळी असा काही बोलला की आरक्षणाला आर्थिक निकष लावावा म्हणणारे आणि न लावावा म्हणणारे, दोघंही गडबडले. तो स्वतः राखीव जागेवरून आलेला, आणि त्याचं मत आम्ही त्याच्यासाठी गृहीत धरलेल्या मताच्या बरोबर उलटं. ते इथं लिहीत नाही. खोलीतलं खोलीत, हे ठरलंय.

त्यावरून आठवलं. सातव्या गुरुवारी कुणीतरी फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि अर्धं वाक्य बाहेर गेलं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून सगळ्यांचे फोन बुटांच्या रिकाम्या खोक्यात, खोकं दाराबाहेर. पण त्या दिवशीचं बोलणं मेलं ते मेलंच. जो तो बातमीत छापून आलं तर कसं दिसेल अशा बेतानं बोलत होता.

संस्कृतच्या सरांनी हे सगळं ऐकून मला चरकसंहितेतलं एक प्रकरण दाखवलं. वैद्यानं वैद्याशी चर्चा करावी असं सांगून चरक दोन प्रकार करतो. संधायसंभाषा म्हणजे जुळवून घेत केलेली आणि विगृह्यसंभाषा म्हणजे भांडून, जिंकण्यासाठी केलेली. मला वाटलं, आता पहिली चांगली, दुसरी वाईट असं येणार. तसं नाही. दुसरीचे डावपेचही तो सविस्तर शिकवतो. फक्त पहिली कुणाशी करावी त्याची यादी देतो: जो चिडका नाही, मत्सरी नाही, कष्ट सोसणारा आहे, गोड बोलणारा आहे. त्यात एक शब्द आहे, ‘अनुनेय’. ज्याची समजूत घालता येते असा. लगेच पुढचा शब्द, ‘अनुनयकोविद’, ज्याला दुसऱ्याची समजूत घालता येते असा. मी आजवर दुसरीच अर्धी तयारी करत आले होते. आणि हेही खरं की समोरचा अनुनेय नसेल, तुमचं माणूसपणच त्याला मान्य नसेल, तर सतरंजी अंथरून बसायची सक्ती कुणावर नाही. आदराच्या नावाखाली ती सक्ती होते, नेहमी त्याच त्याच लोकांवर.

आठही गुरुवार संपल्यावर प्राचार्यांनी अहवाल मागितला. त्यात एक रकाना होता: ‘किती विद्यार्थ्यांचे मतपरिवर्तन झाले?’ मॅडमनी आम्हालाच विचारलं. राखीव जागांबद्दल कुणाचंच नाही. माझा लॅब पार्टनर जिथं होता तिथंच होता, मीही. बॉस्टनच्या त्या सहाजणींनीही लिहून ठेवलंय की इतकी वर्षं भेटून त्यांची मतं मवाळ झाली नाहीत, उलट पक्की झाली. मग मी हात वर केला आणि हजेरीचं सांगितलं. मॅडमनी रकान्यात ‘१’ लिहिलं आणि कंसात ‘हजेरीबाबत’. प्राचार्यांना ते फार आवडलं म्हणे.

लॅब पार्टनर आणि मी पुढच्या सत्रात पुन्हा एका टेबलावर आलो. तो फ्लास्क हलवतो, मी नळ धरते. आमची मैत्री आता तितकी मोकळी नाही. ब्युरेट धुताना तो घरचं काही सांगत नाही.

त्या वर्षी अंतिम फेरीत मला विरोधी बाजू आली. खंडनाला तीन मिनिटं. समोरच्या मुलीचा मुद्दा खोडायच्या आधी मी तो नीट, तिला हवा होता तसा मांडला. त्यातच मिनिटभर गेलं. मग खोडायला लागले तर तो पूर्वीइतका लंगडा राहिला नव्हता. मीच त्याला पाय दिले होते. इशाऱ्याची घंटा वाजली तेव्हा माझा एक मुद्दा झाला होता आणि दोन हातात होते. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, ‘वेळेचे नियोजन नाही. प्रतिपक्षाला अनावश्यक मदत.’ उत्तेजनार्थ.

त्यानंतर आठवड्याभरानं ग्रंथालयात गेले. परीक्षा जवळ, सगळी टेबलं भरलेली. खिडकीजवळच्या टेबलावर ती बसली होती, शेजारच्या खुर्चीत पाठपिशवी ठेवून. मी दुसरीकडं बघत पुढं चालले होते.

“थांब,” ती म्हणाली. “त्या गुरुवारचं काही बोलणार आहेस?”

“नाही.”

“सॉरी वगैरे?”

ते तोंडापर्यंत आलं होतं. “तुला हवं असेल तर.”

तिनं जरा विचार केला. “आत्ता नको. पेपर आहे.” आणि खुर्चीतली पिशवी उचलून खाली ठेवली.